सत्काराच्या दुसऱ्या दिवशी

मुलगा परीक्षा पास झाला म्हणून वस्तीतली माणसे सत्कार करायचा म्हणत होती आणि वडील, सुभेदार रामजी सकपाळ, नको म्हणत होते. पोराच्या डोक्यात हवा जाईल, त्याने एक परीक्षा तर दिली आहे, असे त्यांचे म्हणणे. लोकांनी मग रामजींचे स्नेही दादा केळुसकर यांना गाठले. केळुसकरांनी रामजींची समजूत काढली, सभा झाली आणि सभेच्या शेवटी त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हातात ठेवले. मुलाचे नाव भीमराव.

ही आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याच्या अखेरीस, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितली आहे. त्यांच्या आठवणीप्रमाणे हा सत्कार इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा. चरित्रकार धनंजय कीर तो १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा सांगतात आणि सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते अशी नोंद करतात. परीक्षा कोणतीही असो, पुस्तक तेच आणि देणारा तोच. कीरांनी दिलेला आणखी एक आकडा मावळातल्या प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे: मॅट्रिकला भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या हिशेबाने अडतीस टक्क्यांच्या आतच.

दहावी-बारावीचे निकाल लागले की पवन मावळात, नाणे मावळात, आंदर मावळात गुणगौरव सोहळ्यांचा हंगाम सुरू होतो. बेडसे, करुंज, पवनानगर, कामशेत. कुठे ग्रामपंचायत, कुठे तरुण मंडळ, कुठे पतसंस्था पुढाकार घेते. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, फोटो. माणसे मनापासून हे करतात आणि मुलांनाही ते लागते. गावाने नाव घेऊन टाळ्या वाजवल्या, हे कोणी विसरत नाही. मात्र त्या कार्यक्रमातून मुलाला कॉलेज म्हणजे काय हे कळते का, हा वेगळा प्रश्न आहे. बहुतेक भाषणांत कॉलेज म्हणजे नोकरीच्या रांगेतला पुढचा क्रमांक एवढेच चित्र उभे राहते. भीमरावांच्या सत्काराने वेगळे चित्र उभे केले. ते कशामुळे, हे नीट पाहिले तर या जून महिन्यात गावागावांत होणाऱ्या सोहळ्यांना पुष्कळ काही घेता येईल.

केळुसकरांनी नेमके काय केले

कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कुलातले शिक्षक. शिवाजी महाराजांचे विस्तृत मराठी चरित्र त्यांनी १९०६ साली प्रसिद्ध केले होते. बुद्धचरित्र त्याआधीचे, १८९८ चे. कीर लिहितात की चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत आला होता आणि ते त्याला पुस्तके देत असत. म्हणजे सत्काराच्या आधीपासून ओळख होती. व्यासपीठावर अचानक उपटलेला पाहुणा तो नव्हता.

दुसरे म्हणजे भेट. ट्रॉफी कपाटावर ठेवली की तिचे काम संपते. पुस्तकाने मुलाला प्रश्न दिला. ते चरित्र वाचून आपण भारावून गेलो आणि वडिलांनी आपल्याला रामायण-महाभारत वाचायला लावले, बौद्ध वाङ्मय का दाखवले नाही, असे त्यांना विचारले, हे बाबासाहेबांनी त्याच प्रस्तावनेत नोंदवले आहे. त्या प्रश्नाचा प्रवास १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेपर्यंत गेला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि आपल्याकडे सर्वांत कमी घडणारी. केळुसकर त्यानंतरही मुलाच्या मागे उभे राहिले. भीमराव १९०८ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, इंटर झाले आणि पैशांअभावी शिक्षण थांबायची वेळ आली. तेव्हा केळुसकर त्यांना घेऊन बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

मावळातल्या वाचकाने हे नाते दूरचे मानू नये. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. तळेगाव दाभाडे येथे त्यांचे निवासस्थान होते. ती वास्तू आज स्मारक म्हणून पाहता येते.

सोहळा आखताना

आयोजकांनी पहिला बदल पाहुण्यात करावा. बडे नाव मिळाले नाही तरी चालेल. त्याच शाळेतून गेलेली आणि सध्या कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली दोन-तीन मुले-मुली बोलवावीत. तळेगावच्या इंद्रायणी महाविद्यालयात किंवा लोणावळ्याच्या कॉलेजात सकाळी कोणती लोकल पकडून जातात, कामशेत स्टेशनपर्यंत कसे पोहोचतात, प्रॅक्टिकल उशिरा सुटले तर काय करतात, पहिल्या सत्रात इंग्रजीतून शिकवलेले कळेना तेव्हा कोणाकडे गेले. हे त्यांच्याइतके खरे कोणी सांगू शकत नाही. प्रत्येकाला दहा मिनिटे द्यावीत आणि तेवढाच वेळ मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. मुले माइकवर विचारायला लाजतात. म्हणून आधी चिठ्ठ्या वाटाव्यात, नाव न लिहिता प्रश्न मागावेत.

दुसरा बदल भेटवस्तूत. ट्रॉफीच्या पैशात एक चांगले पुस्तक येते, पण सर्वांना एकच पुस्तक सरसकट देऊ नये. वर्गशिक्षकांना आठवडाभर आधी विचारले तर कोणती मुलगी आकाश बघते, कोणता मुलगा मोटर उघडून बसतो, कोणाला जुनी नाणी गोळा करायचा नाद आहे, हे ते सांगतात. यादी हाती आली की पुस्तक निवडणे सोपे. पहिल्या पानावर देणाऱ्याने आपले नाव आणि फोन नंबर लिहावा, म्हणजे वाचून झाल्यावर बोलायला माणूस आहे हे मुलाला कळते.

तिसरा बदल यादीत. गुणगौरवाला साधारणपणे पहिले तीन क्रमांक किंवा ऐंशी टक्क्यांच्या वरची मुले बोलावतात. २८२ गुणांचा विद्यार्थी अशा यादीत बसला नसता. घरातून पहिल्यांदाच कोणी दहावी पास झाले असेल, कातकरी किंवा ठाकर वाडीतली मुलगी बारावी झाली असेल, कोणी काम करून रात्रशाळेतून पास झाले असेल, तर तो त्या वर्षीचा मोठा निकाल समजावा आणि त्यांची नावे त्याच व्यासपीठावरून घ्यावीत.

एक माणूस, एक मूल

सोहळा संपला की मंडप उतरतो आणि सगळे घरी जातात. कॉलेजची खरी अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. अर्जाचे दोन भाग, पसंतीक्रम, फेऱ्या, मुदती; आणि हे सगळे मावळात भाताची आवणी चालू असताना. आई-वडील गुडघाभर चिखलात, मोबाइलवर ओटीपी आलेला, अन् नेटवर्क टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही. अशा वेळी चांगले गुण असलेले मूलही मुदत चुकवते.

म्हणून आयोजकांनी सोहळ्यातच प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक जबाबदार माणूस नेमावा. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, बँकेत काम करणारी ताई, कॉलेजातला दादा, कोणीही चालेल. त्याचे काम ठरलेले असावे: प्रवेश पक्का होईपर्यंत दर आठवड्याला एक फोन, कागदपत्रांसाठी गरज पडली तर एकदा सोबत, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरला गेला का याची खात्री. एका माणसाने दोनपेक्षा जास्त मुले घेऊ नयेत, नाहीतर फोन होत नाहीत.

कागदपत्रांची तयारी निकालाची वाट न पाहता करावी. मावळच्या तहसील कार्यालयाचे ठिकाण वडगाव. बहुतेक अर्ज जवळच्या महा ई-सेवा केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून करता येतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि लागू असेल तेथे नॉन-क्रीमीलेअर ही नेहमीची यादी. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागू शकतात, म्हणून बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग अशा अभ्यासक्रमांकडे राखीव जागेतून जायचे असेल तर अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करावा. बँक खाते विद्यार्थ्याच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले हवे. शिष्यवृत्तीची रक्कम थेट खात्यात येते आणि इथेच पुष्कळांचे पैसे अडकतात. आधारवरचे नाव आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे नाव एका अक्षरानेही वेगळे असेल तर दुरुस्ती आत्ताच करून घ्यावी.

पंचवीस रुपये, साठ रुपये

पैशाअभावी कॉलेज सुटण्याची वेळ एकट्या भीमरावांवर आली नव्हती. डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे उदाहरण अलीकडचे. गोव्यातल्या माशेल गावी जन्म, लहानपणीच वडील गेलेले, आई अंजनी यांनी मुंबईत कष्टाची कामे करून वाढवलेले. युनियन हायस्कुलातले भावे सर एकदा वर्गाला उन्हात घेऊन गेले, बहिर्गोल भिंग धरले आणि किरण एका बिंदूवर एकवटून कागद पेटवला. शक्ती अशी एकवटली तर काहीही साधता येते, असे ते मुलांना म्हणाले. आपण वैज्ञानिक व्हायचे हे तेव्हा ठरले, असे माशेलकर नेहमी सांगतात.

पण भिंगाने कॉलेजची फी भरत नाही. १९६० च्या एसएससीत बोर्डात अकरावे येऊनही ते शिक्षण सोडून नोकरी धरणार होते. आई ठाम राहिली, आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या जोरावर ते जयहिंद कॉलेजात आणि पुढे यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकले, प्रा. एम. एम. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली १९६९ मध्ये पीएचडी झाले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक आणि नंतर सीएसआयआरचे महासंचालक झाले. प्रेरणा आणि पैसा या दोन्ही गोष्टी वेळेवर पोचल्या, म्हणून हे घडले.

आज दरवाजे जास्त आहेत, पण ते कुठे आहेत हे ठाऊक हवे. महाडीबीटी पोर्टलवर राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज एकाच ठिकाणी भरता येतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, वसतिगृह खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची योजना, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्. आपण कशात बसतो हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात जाऊन विचारावे. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने कमवा आणि शिका योजना चालते. पुण्यात राहून शिकायचे झाल्यास विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्थेची वसतिगृहे ग्रामीण मुलामुलींसाठीच आहेत. तेथे अर्ज प्रवेशाच्या धावपळीआधी करावा.

बेडशाच्या लेण्यात अर्धा दिवस

सत्काराचा कार्यक्रम एका संध्याकाळचा. त्याच्या जोडीला अर्ध्या दिवसाचा आणखी एक कार्यक्रम बेडशाच्या मंडळाला पदरचा फारसा खर्च न करता घेता येईल, कारण त्याचे साहित्य गावाच्या डोंगरात दोन हजार वर्षांपासून कोरून ठेवलेले आहे. पायऱ्या चढून गेले की आधी समोर कातळच दिसतो. त्या कातळात सोडलेल्या अरुंद वाटेने आत शिरावे लागते आणि मग एकदम चैत्यगृहाचे उंच खांब समोर येतात: तळाशी घडा, वर घंटेसारखा उलटा आकार आणि माथ्यावर जनावरांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. कार्ले आणि भाजे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, बेडसे पूर्वेकडे. म्हणून येथे सकाळी यावे. उन्हे आत येतात तेव्हा कोरीव काम स्वच्छ दिसते.

कॉलेजात कोणते विषय असतात हे मुलांना तक्त्यावरून कळत नाही, इथे ते हाताशी असतात. व्हरांड्यातल्या एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लिपीतला छोटा लेख आहे: नाशिकच्या आनंद शेठींचा मुलगा पुष्यणक याचे हे दान. नाशिकचा व्यापारी इथे दान का देतो? घाट, बंदरे, व्यापारी तांडे यांचा विषय निघतो. तो इतिहास आणि अर्थशास्त्र. लेखाची भाषा प्राकृत. पुणे विद्यापीठात पालीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकता येते. दगडात लाकडी वाशांची नक्कल का कोरली असेल, हा वास्तुशास्त्राचा प्रश्न. हा बेसाल्ट कुठून आला, पाणी कातळात कसे झिरपते आणि टाक्यात कसे साठते, हा भूशास्त्राचा. शेजारच्या विहाराला चौकोनी आकार न देता मागच्या बाजूला गोलाकार का दिला, यावर तर तज्ज्ञांनाही विचार करावा लागतो, कारण असा विहार दुर्मीळ आहे.

आणि इथेच एका छोट्या स्तूपावर आणखी एक लेख आहे. गोभूती नावाच्या, रानात राहणाऱ्या आणि भिक्षेवर जगणाऱ्या भिक्षूचा तो स्मारकस्तूप, त्यांच्या शिष्याने उभारलेला. शिकवणाऱ्याची आठवण शिष्याने अशी दगडात जपली, हे मुलांना दाखवल्याशिवाय खाली उतरू नये.

सहल आखताना काही गोष्टी पाळाव्यात. एका गटात वीस-पंचवीसच मुले असावीत. सोबत इतिहासाचा एक आणि विज्ञानाचा एक शिक्षक, शक्य असल्यास कॉलेजातला एक प्राध्यापक असावा. आधीच पत्र दिले तर बहुतेक प्राध्यापक आनंदाने येतात. लेणे संरक्षित स्मारक आहे: अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू फिरवू नये, पाणी ओतू नये, फोटो तिरक्या उजेडात काढावा. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा दिवाळीनंतरचे दिवस बरे. आणि माहिती सांगण्याआधी मुलांना अर्धा तास नुसते पाहू द्यावे. प्रत्येकाने वहीत तीन प्रश्न लिहावेत. उत्तरे शेवटी.

विज्ञानाची ओढ असलेल्या मुलांसाठी २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन, कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवावा. पुण्यातील आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि जुन्नरजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण या निमित्ताने लोकांसाठी खुली होते. तेथे संशोधन करणारे विद्यार्थी स्वतः समजावून सांगतात आणि त्यांतले कितीतरी जण लहान गावांतून आलेले असतात.

कॉलेज पाहायला गेल्यावर

बाबासाहेबांनी पुढे स्वतःच कॉलेजे काढली. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन झाली, मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ चे, औरंगाबादचे कॉलेज १९५० चे. त्या दुसऱ्या कॉलेजला मिलिंदाचे नाव मिळाले. राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारत राहिला आणि पटल्यावर त्याने ते मोकळेपणाने मान्य केले. केळुसकरांच्या पुस्तकाने ज्याला पहिला मोठा प्रश्न पडला त्याने आपल्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव द्यावे, यातून कॉलेजकडे पाहण्याची त्यांची दृष्टी कळते.

ती दृष्टी घेऊन विद्यार्थ्याने प्रवेशाआधी कॉलेज पाहून यावे. इमारतीचे फोटो काढण्यापेक्षा ग्रंथालयात जावे: पुस्तके उघड्या कपाटात आहेत का, किती दिवस घरी मिळतात, दुपारी तेथे कोणी वाचत बसलेले दिसते का? प्रयोगशाळेत उपकरणाला विद्यार्थ्यांचा हात लागतो की फक्त पाहायला मिळते? तास होतात का, हे नोटीस बोर्डाला नाही, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. शिकवण्याखेरीज प्राध्यापक भेटायला वेळ देतात का? एनएसएस, वक्तृत्व, नाट्य, क्रीडा यांपैकी काय खरोखर चालते? मुलींनी शेवटच्या तासाची वेळ आणि परतीच्या एसटीची वेळ शेजारीशेजारी लिहून पाहावी, आणि तो प्रश्न पालकांनी घरी न अडवता कॉलेजसमोर मांडावा. चार गावच्या मुली मिळून गेल्या तर वेळापत्रक किंवा एसटीची फेरी बदलून घेण्यासाठी अर्ज करता येतो.

पालकांसाठी एक विनंती. रामजींनी सत्काराला आधी नकार दिला तो मुलाचे पाय जमिनीवर राहावेत म्हणून. ते अभ्यास करून घेण्यात कुठेच कमी पडले नाहीत. तीच शिस्त घरात असू द्यावी, पण मुलाच्या आवडीचा विषय आपल्या ओळखीचा नाही म्हणून तो हलका ठरवू नये. त्या विषयात शिकलेला एक माणूस शोधून त्याच्याशी मुलासमक्ष बोलावे आणि मग निर्णय घ्यावा.

आयोजकांनी जूनच्या सोहळ्यातच दुसऱ्या बैठकीची तारीख जाहीर करावी. दिवाळीच्या सुट्टीत, भातकापणी उरकल्यावर, त्याच मुलांना त्याच शाळेत पुन्हा बोलवावे. या वेळी शाल-श्रीफळ नको. प्रवेश कुठे झाला, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे, पहिल्या सत्रात काय जड गेले, कोणी कॉलेज सोडण्याच्या विचारात आहे का, हे एकेकाला विचारून वहीत नोंदवावे. ज्याचे अडले असेल त्याच्यासाठी त्याच दिवशी फोन लावावेत, आणि जे विद्यार्थी बैठकीला आले नाहीत त्यांच्या घरी त्या आठवड्यात कोणीतरी जाऊन यावे.